खडूची रेघ

सरकार दर पाच वर्षांनी रस्त्यावरची वाहनं मोजतं. पुरेशी निघाली तर रस्ता प्रमुख राज्यमार्ग राहतो, रुंद होतो. चाकणचा रस्ता रुंद झाला की टेंपोवाला शेखर लेक जागी असताना घरी पोचणार होता. मोजणीच्या दिवशी बांधकाम खात्याच्या साहेबांनी डांबरावर खडूची रेघ मारली, छत्रीखाली खुर्ची टाकली. शेखरचा टेंपो रेघेच्या हातभर अलीकडे अडकलेला; मागंपुढं ट्रकच ट्रक. "साहेब, मोजा की!" "रेघ ओलांडा, मोजतो." "ओलांडू कुठं? तीळ ठेवायला जागा न्हाई!" "ते आमच्या खात्यात येत नाही." संध्याकाळपर्यंत रेघ ओलांडली एकट्या दूधवाल्या आबाजींच्या सायकलीनं. साहेबांनी ती मनोभावे नोंदवली. महिन्याभरात चकचकीत पाटी लागली: 'सायकल मार्ग. अवजड वाहनांना बंदी.' पाटीखालीच तीन तास अडकलेल्या शेखरनं बायकोला फोन लावला. "पोरीची सायकल पाठव. टेंपो आता इथंच राहील."