तिसरा फेरा

पहिला फेरा

मित्सुएच्या तुकड्यात रोटाव्हेटर घालून तोकुजीनं मागं वळून पाहिलं. ढेकळं फुटत होती. छान.

घरामागचा हा तुकडा तिचा. बाकी शेतात मशीन, इथं फक्त तिची कुदळ. आता खुब्याचं हाड मोडून ती इस्पितळात होती. परतल्यावरही वाकता येणार नव्हतं. म्हणून ती येण्याआधी तिचा मुळा पेरून ठेवायचा. इतक्या वर्षांच्या संसारात तिला न सांगता द्यायची ही पहिलीच भेट.

"तिथं मशीन नको हो," ती दरवर्षी म्हणायची. "थोडी ढेकळं असू देत."

का, ते त्यानं कधी विचारलं नाही. टोमणा मात्र मारायचा, "रस्त्यावरून दिसतं गं ते. लोक म्हणतील, या घरात कंगवा नाही."

दुसरा फेरा

शेजारच्या कुनिहारानं आपला छोटा ट्रक रस्त्यावर थांबवला.

"काय तोकुजीसान, वहिनी नाहीत तोवर साधून घेताय?"

"तिला खूश करतोय."

"मग ही ढेकळं कशाला ठेवताय? मुळा पेरणार की बटाटे लपवणार?"

तोकुजीला ते लागलं. याच वसंतात त्यानं रोटाव्हेटरला नवी पाती बसवली होती. जुनी अरुंद होती. माती कापायची आणि सोडून द्यायची. नवी रुंद, टोकाला काटकोनात वळलेली. ती माती कुटत.

"थांबा, बघाच आता," तो म्हणाला. ट्रॅक्टर अगदी हळू केला. पात्यांचा वेग शेवटपर्यंत वाढवला.

तिसरा फेरा

माती उडाली. बसली. पुन्हा उडाली.

ढेकूळ नाही. खडा नाही.

पीठ.

तांदळाची पिठी.

कुनिहारानं हॉर्न वाजवला. शाबास!

तोकुजीनं दोरी धरून बी पेरलं. ओळ अशी सरळ, की पुसायला जीव होऊ नये.

पाऊस

वादळाचं शेपूट गावावरून गेलं. मग कडक ऊन.

आजूबाजूच्या वावरांत मुळा हिरवागार झाला. मित्सुएचा तुकडा मात्र सिमेंटच्या ओट्यासारखा. गुळगुळीत, करडा, कोरा. हिरवं काही दिसत होतं ते फक्त पर्सिमनच्या झाडाखाली. तिथं मशीन वळलं नव्हतं, चार ढेकळं तशीच पडली होती, आणि त्यांच्या मधून दोन-दोन पानांची रोपं डोकावत होती.

बीच खोटं, तोकुजी पुटपुटला. दुकानदाराला चांगलंच सुनवायचं त्यानं ठरवलं.

खिशात फोन वाजला.

"अहो, उद्या सोडतायत मला." मित्सुएचा आवाज. "यंदा माझा मुळा राहिलाच."

"पेरलाय मी."

ती हसली. हे हसू त्यानं कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं.

"तुम्ही? कुदळीनं?"

उत्तराची तिनं वाट पाहिली नाही. ती बोलतच सुटली.

"बरं केलंत बाई. मला इथं त्या पावसाचाच घोर लागला होता. माती बारीक असली ना, की पाऊस ती थापून टाकतो. वर खपली धरते. ढेकळं असली की पाऊस त्यांच्यावर आपटतो आणि फटींतून मुरतो. कोवळ्या कोंबाला वाट राहते."

"हे कधी बोलली नाहीस तू."

"तुम्ही कुठं विचारलंत?" ती सहज म्हणाली. "ते जाऊ दे. उगवला का हो?"

तोकुजी खाली बसला. फोन खांद्यात धरून त्यानं नख घालून खपली उचलली. तळहाताएवढा तुकडा अख्खाच्या अख्खा निघाला.

खाली ओळीनं रोपं होती. दोरीसारखी सरळ ओळ. एकही बी वाया गेलं नव्हतं. सगळी पांढरी, लांबलेली. छताला डोकं टेकून टेकून मान दुमडलेली.

"अहो? उगवला ना?"

"उगवलाय," तो म्हणाला.