पाचवा सिलिंडर

“हे इंजिन तू बिघडवलंस, आता तूच निस्तर,” काकूंनी मिस्त्रीला फाटकातच सुनावलं.

मिस्त्रीनं मान खाली घातली. नऊ दिवसांपूर्वी काकूंच्या लेकीनं मोठ्या हौसेनं त्याला बोलावलं होतं. “बाबा दुपारी गाडीत बसतात, त्यांना जरा सुख लागू दे,” म्हणाली होती. त्यानं डिझेल फवारणारे सहाच्या सहा नोझल एका दमात बदलले आणि छाती काढून घरी गेला. तेव्हा एकेक तपासत बसला असता तर आज ही पाळी आली नसती. करायला गेला गणपती आणि झाला मारुती!

काकांनी हा ट्रक चाळीस वर्षं चालवला. आता ट्रक अंगणात उभा, आणि काकांचं डोकं कुठं भटकत असतं ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नसतं. लेकीला मावशी म्हणतात, बायकोला ओळखत नाहीत. रात्र सगळी येरझारांत. पण दुपारी जेवून केबिनमध्ये बसले आणि इंजिन चालू केलं, की तास-दोन तास गाढ झोपायचे. तेवढ्यात काकूही पाठ टेकायच्या.

त्या कामानंतर ती झोप गेली. काका गाडीत बसायचे, दोन मिनिटांत उतरायचे आणि थेट फाटकाबाहेर. काल तर हमरस्त्याच्या मधोमध सापडले. कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं हाताला धरून आणलं. “माझी गाडी कुठं गेली?” एवढंच विचारत होते. आणि गाडी ही अशी डोळ्यांसमोर उभी!

“आज झोपले नाहीत तर उद्या मी त्यांना संस्थेत नेऊन ठेवणार,” लेक म्हणाली. “नाहीतर आईच आडवी व्हायची.”

“जिवंत आहे मी अजून,” काकू फणकारल्या. “तू पाना घे रे.”

काका स्टिअरिंग धरून बसलेच होते. इंजिन चालू होतं. मिस्त्रीनं बॉनेट उघडलं.

“काकू, हादरा नेमका कसा, तेवढं सांगा.”

“अंगात आल्यासारखा. पाच ठोके सरळ, मग एक लंगडा. डाव्या आरशाची थरथर, गिअरच्या दांड्याची डुगडुग. अरे, लग्नानंतर अर्धं आयुष्य ह्या गाडीत काढलंय मी. मला काय विचारतोस, हात ठेवून सांगते.”

आणि खरंच त्यांनी मडगार्डवर तळवा ठेवला.

मिस्त्रीची पद्धत जुनी होती. पंपापासून सहा बारीक नळ्या निघतात, प्रत्येक सिलिंडरला एक. नळीचा नट सैल केला की तेवढा सिलिंडर गप्प बसतो. एकेकाला गप्प करत जायचं आणि बाकीचे काय म्हणतात ते ऐकायचं.

त्यानं पहिला नट सैल केला. इंजिन अडखळलं.

“हा नव्हे,” काकू म्हणाल्या.

नट आवळून तो दुसऱ्यावर गेला.

“छे. हाही नव्हे.”

तिसरा. चौथा. काकूंची मान नकारार्थी हलत राहिली. वर केबिनमध्ये काकांनी दाराची कडी चाचपायला सुरुवात केली. “बाबा, थांबा ना,” लेक काकुळतीला आली. मिस्त्रीच्या कपाळावरून घाम निथळत होता. दोनच राहिले होते.

त्यानं पाचवा सैल केला.

काकूंचा हात मडगार्डवर थबकला. त्यांनी डोळे मिटले.

“हाच!” त्या ओरडल्या. “हाच तो मेला!”

“नक्की?”

“नवऱ्याचा खोकला आणि ह्या गाडीचा ठोका, दोन्ही मी झोपेतसुद्धा ओळखते.”

मिस्त्रीनं इंजिन बंद केलं. पाचव्याचा नोझल काढून खिशात टाकला आणि फडक्यात गुंडाळून आणलेला दुसरा त्या जागी बसवला. अर्धा तास गेला. तेवढा वेळ लेक केबिनमध्ये काकांना शेंगदाण्यांवर गुंतवून ठेवत होती.

“मारा स्टार्टर,” मिस्त्रीनं लेकीला हाक दिली.

इंजिन चालू झालं. काकांचा एक हात कडीवरच होता. मग तो हात आपसूक मांडीवर आला. हनुवटी छातीला टेकली. आणि इंजिनाच्या वरताण एक घोरणं ऐकू आलं.

“झोपले गं बाई!” काकू मडगार्डलाच टेकून रडायला लागल्या, आणि रडता रडता हसायलाही. “देव पावला रे बाबा. नऊ दिवसांनी झोपले.”

लेकीनं मिस्त्रीचे तेलकट हातच धरले. “फोन करून उद्याचं जाणं रद्द करते,” ती म्हणाली. मिस्त्रीला इतकं हलकं वाटलं की तो तिथेच जमिनीवर फतकल मारून बसला.

जरा वेळानं त्यानं खिशातला नोझल काढून पुसला. नवाकोरा होता, नऊच दिवस चाललेला. “हा जपून ठेवा,” तो लेकीला म्हणाला, “आणि ह्या इंजिनाला पुन्हा कुणाला हात लावू देऊ नका. तो जुना गळका नोझल मी भंगारात टाकला नव्हता, म्हणून वाचलो.” काकांच्या डोक्याशेजारी डावा आरसा पूर्वीसारखा थडाथडा उडत होता.