खऱ्यासारखा बाळाचार्य

मंगळवारी द्यायची माहिती सुमंतरावांनी शुक्रवारी सकाळी वेदश्री मॅडमना पाठवली, तीही तिसऱ्यांदा वाचून.

उणकलच्या त्या लहानशा कचेरीत इमारतींचे नकाशे होत. वेदश्री मॅडम तिच्या मालकीण. कुठलं काम कुणाकडे किती दिवस अडलं, हे पडद्यावर दाखवणारं सॉफ्टवेअर त्यांना घ्यायचं होतं. विकणाऱ्या कंपनीने नमुन्याला जी माहिती भरून दिली होती, तिच्यात सगळी कामं वेळेवर होत होती. कुणी रजेवर जात नव्हतं, वीज जात नव्हती. मॅडम म्हणाल्या, यावरून काय कळणार? आपणच एक खोटं काम भरू, पण खऱ्यासारखं. गिऱ्हाइकांची नावं मात्र बाहेर जायला नकोत. आणि हे त्यांनी सुमंतरावांवर सोपवलं, कारण बावीस वर्षं प्रत्येक ड्रॉइंग त्यांच्या टेबलावर तपासलं जाऊनच बाहेर पडत होतं.

सुमंतरावांनी अळणावरला एक समाजमंदिर बांधायला काढलं. त्यात ते चांगलेच रमले. गवंडी जत्रेला गेले, दारांचं लाकूड ओलं निघालं, नगरपंचायतीने दोनदा कागद परत पाठवले. मग लागला एक असा माणूस, ज्याच्यापाशी काम जाऊन बसतं. असा एक सगळीकडे असतोच. त्याचं नाव त्यांनी बाळाचार्य ठेवलं.

बाळाचार्यासाठी फार लांब जावं लागलं नाही. समोरच्या टेबलावर मथुरा बसत असे. ती ड्रॉइंग काढायची. तिची नोकरी वर्षावर्षाच्या कराराची, या महिनाअखेर पुन्हा ठरायची होती. नवरा नव्हता, मुलगी धारवाडला शिकत होती. मथुराची ड्रॉइंगं उशिरा निघत. ठेकेदारांचे फोन सुमंतरावांना येत आणि मथुराचं अजून झालं नाही, असं त्यांना दर वेळी सांगावं लागे. ती ड्रॉइंग सोमवारी आणून देई. दोन दिवस सुमंतराव आपल्याकडे ठेवून घेत, न जाणो काही राहिलं असलं तर. एखादी रेघ खटके, ते परत देत. ती लगेच करून आणी, पुन्हा दोन दिवस. असं होता होता अकरा दिवस जात. अकरा दिवस म्हणजे फारच, असं त्यांना वाटे.

तेच अकरा दिवस त्यांनी बाळाचार्याच्या नावावर मांडले. मथुरा ओळखू येऊ नये म्हणून तिचा पुरुष केला, वय वाढवलं, नोकरी वीस वर्षांची केली. शेऱ्याच्या रकान्यात बाळाचार्य प्रत्येक वेळी लिही, ‘होतंय. एकदा बघून देतो.’ हे लिहिताना सुमंतरावांना जरा हसूही आलं होतं.

दुपारी चारला कंपनीच्या माणसाने ते सगळं भिंतीवर दाखवलं. सहाजण खुर्च्या ओढून बसले. त्याने एक बटण दाबलं आणि अडलेली कामं लाल झाली. सगळा लाल रंग एकाच ओळीत होता.

“हे बाळाचार्य कोण?” त्याने हसत विचारलं.

“काल्पनिक आहेत,” सुमंतराव म्हणाले.

कुणी हसलं नाही. मथुराने मान खाली घातली आणि ओढणीच्या टोकाशी चाळा करू लागली. मॅडमनी ती लाल ओळ टोकापर्यंत वाचली. मग म्हणाल्या, “असा माणूस असला तर त्याला किती दिवस सांभाळायचं?” हे त्यांनी कुणालाच विचारलं नव्हतं. लगेच त्या सॉफ्टवेअरच्या किमतीबद्दल बोलू लागल्या.

सुमंतरावांनी भिंतीवरून नजर काढली. एका बाईची भाकर आपण गंमत म्हणून भिंतीवर टांगली. तिने ओळखलं होतं. सगळ्यांनीच ओळखलं होतं. चहा आला, त्यांनी तो घेतला नाही. जागेवर येऊन त्यांनी कबुलीजबाबाचं एक पत्र मॅडमना लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. पहिलं वाक्य काही केल्या मनासारखं होईना.

तेवढ्यात मथुरा मॅडमच्या खोलीतून बाहेर आली. डोळे लाल होते. ती जागेवर बसली आणि उगाच ड्रॉवर आवरू लागली.

संपलं, सुमंतरावांना वाटलं. ते उठले. एवढं अंतर ओलांडायला त्यांना कधी इतका वेळ लागला नव्हता.

“मथुरा,” ते म्हणाले, “ते बाळाचार्याचं... मी तसं लिहायला नको होतं.”

“सोडा की, अण्णा.” कचेरीत सगळे त्यांना अण्णाच म्हणत. “माझ्याच्यानं एवढं धाडस झालं नसतं.”

त्यांना वाटलं, ती टोमणा मारतेय. तो त्यांनी निमूट सोसला.

“कळलं ना सगळ्यांना?”

“बघितल्या बघितल्या. न कळायला काय झालं?”

“मी आत्ता मॅडमकडे जातो. चूक माझी आहे, असं स्पष्ट सांगतो. मग मला काय शिक्षा करायची ती करू देत.”

मथुरा घाईने उठली आणि त्यांच्या वाटेत उभी राहिली.

“नका जाऊ, अण्णा. मीच बोलून आले. म्हटलं, अण्णांच्या निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत, तेवढी पुरी करू द्या. त्यांच्या टेबलावर अडून राहतात ती ड्रॉइंगं मी घरी नेऊन तपासत जाईन.”