राखणीचा धडा

"सी म्हणजे?" तपासणीच्या साहेबांनी विचारलं.

"बघणे!" महेक ताडकन उभी राहिली.

"लुक?"

"बघणे!"

"आणि वॉच?"

महेकनं एकवार बाईंकडं पाहिलं. "ते पण बघणेच, सर."

चौथीचा वर्ग फिदीफिदी हसला. साहेब मात्र हसले नाहीत. "एका बघण्याला तीन-तीन शब्द? इंग्रजांना दुसरा उद्योग नव्हता काय, बाई?"

कल्याणीच्या तोंडचं पाणी पळालं. शिक्षणसेवक म्हणून तिची तीन वर्षं याच महिन्यात भरत होती, आणि आज साहेब कागदावर काय शेरा मारतात त्यावर नोकरी पक्की व्हायची होती. फरक तिला ठाऊक होता, चांगला घोकलेला होता. पण ऐन वेळी एक शब्द आठवेल तर शपथ!

तेवढ्यात खिडकीबाहेर गोफण वाजली. फट्ट! "हाऽऽ हुर्र्र!"

शाळेमागं तिच्याच घरची बाजरी होती. कणसं दाण्यानं भरलेली, आणि मधोमध चार मेढींच्या माळ्यावर तिच्या सासूबाई, प्रयागबाई, सकाळपासून पाखरं हाकत उभ्या होत्या. महिनाभर ऐकून कान किटले होते त्या आवाजानं. आज काय गोड लागला म्हणून सांगू!

"चला रे, सगळे खिडकीशी!" कल्याणी म्हणाली. "बाहेर काय दिसतंय?"

"बाजरी!" "माळा!" "आजी!"

"मुद्दाम बघावं लागलं? नाही ना? डोळे उघडे होते, दिसलं. ते सी. आता बांधाकडच्या कणसांवर नजर टाका बरं."

"चिमण्या बसल्यात, बाई! लई हायेत!"

"हे लुक. आणि आजी सकाळपासून काय करतायत?"

"राखण!" अख्खा वर्ग एका दमात ओरडला.

"तेच वॉच."

त्या आरोळीनं चिमण्यांचा थवाच्या थवा भुर्रकन उडाला. प्रयागबाई वळल्या. "सूनबाई, पोरांना रोज असंच वरडाया लाव गं! माजा हात पार गळून गेला." मग त्यांना खिडकीतले साहेब दिसले. "आन् ह्ये पावणं नुस्तं बघत का हुबं? या की, हाना दोन खडं!"

"आत्या, अहो साहेब आहेत ते!" कल्याणीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"मंग? सायबाला हात न्हाईत व्हय?"

साहेब खो खो हसत सुटले. हातातल्या कागदावर त्यांनी काहीतरी खरडलं आणि तो महेककडं दिला. "मी येईपर्यंत वॉच कर हा." आणि पँट वर खोचून गडी सरळ बाजरीत शिरला. "लहानपणी मीपण माळ्यावरच असायचो, मावशी!"

त्यांचा पहिला खडा शाळेच्या पत्र्यावर खणकन पडला. पोरांनी टाळ्या पिटल्या. माळ्यावर प्रयागबाईंनी कपाळाला हात लावला.

इकडं कल्याणीचा जीव त्या कागदात अडकलेला. ती हळूच महेकजवळ सरकली. "दाखव बघू."

महेकनं कागद पाठीमागं नेला. "नाय बाई. सरांनी वॉच करायला सांगितलंय. तुमी लुक करायचं नाय."

आपणच शिकवलेलं. "बरं बाई, नाही करत," म्हणत कल्याणीनं तोंड फिरवलं आणि गुमान फळा पुसायला घेतला.

बाजरीवरून वाऱ्याची झुळूक आली. साहेबांची गंमत बघायला खिडकीकडं वळलेल्या महेकच्या पाठीशी कागद फडफडला, उलटला. डस्टर झटकायला म्हणून कल्याणी वळली, आणि तिचा हात तसाच हवेत राहिला. खाली सही होती. सहीच्या वर एकच शब्द: उत्तम.

"महेक," तिचे डोळे भरून आले होते आणि हसू मावत नव्हतं, "मी बघितलं नाही हं. मला दिसलं."