फ्लूचं इंजेक्शन

“आज कोणतं इंजेक्शन घ्यायला आलात?” एवढंच मीनलला इंग्रजीतून विचारायचं होतं. पण समोरच्या खुर्चीत शशिकांतकाका बसले होते.

वुडलँड्सच्या या क्लिनिकमध्ये मीनल आठ वर्षं फार्मासिस्ट होती. मनाच्या आजारांवर महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन फार्मासिस्टनीही द्यायला शिकावं असं ठरलं, तेव्हा सगळ्यांत आधी तिने नाव दिलं. सरावाच्या स्पंजवर तिचा हात सुरेख चालला. आज पहिला खरा खांदा, आणि पाठीशी परीक्षक म्हणून सिस्टर लिम. नियम एकच, पण कडक: इंजेक्शन कोणतं आणि कशासाठी, ते पेशंटने स्वतःच्या तोंडाने सांगायचं. हातातल्या औषधाशी ते जुळलं नाही तर सुई टोचायची नाही.

आणि पेशंट निघावा कोण, तर शशिकांतकाका! जहाजावरून निवृत्त झालेले चीफ इंजिनिअर. इथल्या मराठी मंडळातल्या निम्म्या मुलांना ईस्ट कोस्टच्या समुद्रकाठी सायकल शिकवणारे. मीनलची जाईसुद्धा त्यांच्याकडेच शिकली. ‘मी पोरीला यांच्याबरोबर एकटीला सोडत होते,’ असं मीनलच्या मनात आलं, आणि लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली. काकांच्या आजाराची वाटत होती ती लाज वेगळीच. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे शहाणपण तिला माहेरून मिळालं होतं. आता ती मूठ तिनेच उघडायला लावायची!

तिने जमिनीकडे बघत कसाबसा प्रश्न विचारला.

काकांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग खुशाल म्हणाले, “फ्लूचं.”

मीनलचा जीव भांड्यात पडला. “हो, हो, फ्लूचंच,” म्हणत तिने त्यांचा दंड पुसला आणि सुईचं टोपण काढलं.

“थांब,” सिस्टर लिम म्हणाल्या. “पेशंट फ्लू म्हणतोय. तुझ्या हातात काय आहे?”

मीनलच्या हातात फ्लूचं नव्हतं. खोलीतल्या तिघांनाही ते ठाऊक होतं.

शेवटी काकाच बोलले. “सॉरी, सिस्टर. स्किझोफ्रेनिया. महिन्याचं इंजेक्शन. सहा वर्षं झाली, या क्लिनिकमध्ये आज पहिल्यांदाच.” घरचा पत्ता सांगावा तसं त्यांनी सांगितलं.

सिस्टर लिमनी सिरिंज स्वतःकडे घेतली आणि इंजेक्शन देऊन टाकलं. मीनलच्या कागदावर ‘नापास’ लिहिलं आणि त्या पुढच्या पेशंटला बघायला बाहेर गेल्या.

“माझ्यामुळे झालं गं,” बाही खाली करत काका म्हणाले.

“पण काका, तुम्ही असं का सांगितलंत?”

“तुझा चेहरा बघून. मी दर महिन्याला सांगतो, मला काही वाटत नाही. पण तू अशी गोरीमोरी झालीस, म्हटलं, पोरीला कशाला अवघडवा.” त्यांनी बाहीचं बटण लावलं. “परक्याच्या दुखण्याची एवढी लाज कुणाला वाटत नाही, मीनल. तुझ्या घरी कोण आहे?”

मीनलने आधी दार लागलंय ना ते पाहिलं.

“सख्खा भाऊ,” ती म्हणाली. “पुण्यात असतो. जाईला मी सांगून ठेवलंय, मामा वारला.”