खुर्चीच्या खिशातलं मासिक

विमानाचं वजन घटलं की इंधन कमी जळतं आणि धूरही कमी होतो, म्हणून विमान कंपनीतली ती इंजिनिअर प्रत्येक वस्तू तोलून पाहायची. जाड गालिचे गेले, जड खुर्च्या गेल्या. मग तिने खुर्च्यांच्या खिशांतलं मासिकही बंद करायला लावलं. त्याचा संपादक तिचा धाकटा भाऊ होता. शेवटचा अंक घेऊन तो तिच्याकडे आला. “ताई, यात तुझ्यावर लिहिलंय.” ती चपापली. “रागावला नाहीस?” “रागावलो ना. पण काम तू चांगलंच केलंस.” चहा न घेताच तो गेला. लेखाच्या शेवटी होतं, ‘माझा प्रत्येक अंक सगळ्यात आधी ताई वाचते.’ तिला कानकोंडं झालं. आजवर ती अंक नुसता वरवर चाळून ‘छान झालाय’ म्हणायची. अख्खा अंक संपवून तिने फोन लावला. “वाचलास?” त्याने विचारलं. “पहिल्यांदाच,” ती म्हणाली.