आदालिदच्या नावावर

कॉम्प्युटरच्या पडद्यावर पुन्हा आदालिदचं नाव आलं आणि नोल्वियाने तोंड वाकडं केलं. घास तोंडात घेतल्यावर जिभेला परक्याचा केस लागावा, तसं.

"दुकान माझ्या आईचं, कॉम्प्युटर आईचे, विजेचं बिल आम्ही भरतो," ती ओस्मानला म्हणाली. "आणि हा पळालेला नवरा मेला अजून आत ठाण मांडून बसलाय."

ओस्मान कोमायाग्वा शहरातल्या निम्म्या दुकानांचे कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. त्याने खुर्ची पुढे ओढली.

"ताई, यंत्रं तुमची, पण आतली ॲप तुमची नाहीत. फिल्म जोडायचं, गाणी लावायचं, ही कॉम्प्युटरबरोबर फुकट येतात ना, ती पहिल्या दिवशी जो 'स्वीकारा' दाबतो त्याच्या नावावर चढतात. पुढं प्रत्येक अपडेट त्यालाच विचारून. ती दुकानाच्या खात्यावर घ्यायला हवी होती."

"खोकी त्यानंच फोडली होती."

"सगळी?"

"सगळी. बायकोला हात लावू दिला नाही. म्हणे, ओरखडा पडेल."

गल्ल्यावरून नोल्वियाची आई, सगळ्यांची 'दोन्या' म्हणजे बाईसाहेब तोमासा, फिसकन हसली. दुसरीत शाळा सुटलेली ही बाई सगळा फोटो स्टुडिओ एकटीच्या जिवावर चालवत होती, आणि ते कुणाला विसरू देत नव्हती.

"मी लग्नाआधीच सांगितलं होतं, हा माणूस नाही, चपलेला चिकटलेलं च्युइंगम आहे. गेला तरी पाऊल उचललं की चिकचिक करतोच."

"आई, पुरे."

"काय पुरे? त्या पिवळ्या केसांच्या बाईचा हात धरून बसमध्ये चढताना मी बघितलंय त्याला, या डोळ्यांनी! मागं वळून तरी बघावं? अरे ओस्मान, उंदीर तरी लाज बाळगतो."

नोल्वियाने ते दृश्य इतक्या वेळा ऐकलं होतं की आता तिला स्वतःच पाहिल्यासारखं वाटायचं. नंतर ह्यूस्टनहून निरोप येत गेले. फोन लावला तर तो उचलायचा नाही. नुसते टाइप केलेले दोन-दोन शब्द. 'शोधू नकोस.' 'इथं सुखात आहे.' गेल्या आठवड्यात आणखी एक आला: 'लग्न कर दुसरं.' तो वाचून तिने तोंड धुतलं होतं, साबण लावून.

"ताई, करायचं काय?" ओस्मानने विचारलं.

करायलाच हवं होतं. सोलोर्सानो कुटुंबातल्या मुलीचा पंधराव्या वाढदिवसाचा सोहळा संध्याकाळी होता. तिच्या पाळण्यापासूनची फिल्म हॉलमध्ये दाखवायची होती. सकाळची चर्चमधली प्रार्थना नव्या कॅमेऱ्यावर टिपली होती, आणि ती जुन्या ॲपमध्ये उघडायलाच तयार नव्हती. अपडेट झालं नाही तर फिल्म नाही. आणि सोलोर्सानोंकडे नाक कापलं गेलं, की चौकापलीकडच्या स्टुडिओवाल्याची दिवाळीच.

"कॉम्प्युटर पुसून सगळं नव्याने भरता येईल," ओस्मान म्हणाला. "पण रात्र होईल."

"रात्री काय, उरलेल्या केकला दाखवू फिल्म?" तोमासा गल्ल्यावरून उठली. "तुम्ही दोघं उकला तो गुंता. माझा राजमा करपतोय." दाराचा पडदा सारून ती मागच्या स्वयंपाकघरात गेली.

"पासवर्ड माहीत आहे?" ओस्मानने हळूच विचारलं.

नोल्वियाने बोटं पुढे केली. स्वतःचं नाव टाइप केलं, पुढे लग्नाची तारीख. कुलूप उघडलं.

तिच्या अंगावर शहारा आला, किळसेचा. दुसरीच्या अंथरुणात लोळतोय आणि कुलपाला नाव माझं!

"बदलला पण नाही नालायकाने."

"बरंच झालं की! थांबा..." ओस्मान पडद्याकडे वाकला. "सहा आकडे मागतंय."

"हे कुठले आता?"

"आत्ताच त्याच्या फोनवर गेले असतील. तो फोन ज्याच्या हातात, त्यालाच दिसणार. तुम्हाला नाही, मला नाही. एक निरोप टाका ना त्याला."

"त्याला? मी?" नोल्विया ताडकन उठली. "ओस्मान, गटारात हात घालीन, पण त्याच्यापुढे पसरणार नाही. बायको रडत आली म्हणून दोघं मिळून हसतील तिकडे."

"मग सोलोर्सानोंना काय सांगायचं?"

 पडद्यावर सहा रिकामे चौकोन लुकलुकत होते. आईने उभं केलेलं दुकान, आणि त्याची अब्रू त्या भामट्याच्या खिशात. तिने फोन उचलला, त्याचा नंबर काढला आणि उलटा टेबलावर टाकला.

"नाही जमत मला," ती म्हणाली. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडली, "आई! सोलोर्सानोंना फोन कर. फिल्म नाही होत. सहा आकड्यांवाचून अडलंय!"

आत झाकण आपटलं.

"नाही होत म्हणजे? एवढ्यासाठी माझं नाव घालवता?" तोमासाचा आवाज पडद्याआडून खणखणीत आला. "शिकलेल्यांना एवढं जमेना! घ्या लिहून, मलाच पाठवलेत मेल्या कंपनीने. चार, शून्य, नऊ... थांब गं, चष्मा कुठाय... सात, सात, दोन!"

सवयीने ओस्मानची बोटं चालली. कॉम्प्युटरने आकडे घेतले आणि अपडेट सुरू झालं. नोल्विया मात्र स्वयंपाकघराच्या पडद्याकडे बघत होती; ते आकडे तर आदालिदच्या फोनवर गेले होते.